झिपऱ्याचं नवं वाडगं

कुत्री माणसांशी घडाघडा बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. गिरजा कुंभारणीचा झिपऱ्या दूधभाकरी दोन घासांत गिळायचा. एकदा घास असा अडकला, की त्याचे डोळेच पांढरे झाले. गिरजाने पाठीत धपाटे घालून त्याला वाचवलं आणि लगेच त्याच्यासाठी नवं वाडगं घडवून भाजलं. त्याच्या तळाशी तिने मातीचे उंचवटे ठेवले होते.

"आई, यात खायचं कसं? जिभेला सारखं वळावं लागतं!" झिपऱ्या कुरकुरला.

"मग वळव की. मला घाई नाही."

भुकेपुढे इलाज नव्हता. फुरफुरत तो एकेका उंचवट्याभोवती चाटू लागला. हळूहळू त्याची शेपटी हलायला लागली.

"आई, आज यात गूळ घातलास?"

"आज? अरे, तू पिल्लू होतास तेव्हापासून रोज घालतेय!"