आधी कोण आलं?

नगराध्यक्ष तात्यासाहेब ढमढेरे यांनी चौकात चारही बाजूंना 'थांबा'च्या पाट्या लावल्या आणि फर्मान काढलं: जो आधी येईल त्याने आधी जावं, जो चौक अडवेल त्याने दिवसभर तिथंच शिट्टी वाजवत उभं राहावं.

दुसऱ्याच दिवशी चार बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या आणि थांबल्या. आधी कोण आलं, कुणालाच कळेना. अर्धा तास नुसते भोंगे वाजत राहिले.

शेवटी जीपमधून तात्यासाहेब गरजले, "मीच आधी आलो! हवालदार, या तिघांना शिट्ट्या द्या!"

हवालदार पुरता गोंधळला. तेवढ्यात भाजीच्या टेम्पोतून कौसाबाई म्हणाली, "साहेब, तुम्ही आधी आलात, तर आधी जायचं तुम्हीच. तुम्ही हललाच नाहीत, म्हणून आम्ही नियमानं थांबलो. मग चौक अडवला कुणी?"

संध्याकाळपर्यंत तात्यासाहेब शिट्टी फुंकत होते. आधी कुणाला सोडायचं, ते मात्र त्यांनाही कळत नव्हतं.