शेठच्या गाडीचे गचके

पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावता, निदान चहा तरी ठेवा. पेट्रोल पंपाचे मालक दत्ताजीशेठ माझ्या गॅरेजवर आले आणि माझ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "वेग घेताना गाडी गचके खाते. इंजिन तूच बिघडवलंस. उद्यापासून इथं कुणी गाडी आणणार नाही."

मी विचारलं, "पेट्रोल कुठलं भरता, शेठ?"

"माझ्याच पंपाचं. दुसऱ्याचा थेंब घालत नाही."

टाकीतलं थोडं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत काढलं. तळाला पाणी दिसलं.

"ठसका लागला की लोक पाणी पाजतात, शेठ. तुम्ही पाणी पाजून ठसका लावलात."

टाकी धुऊन दुसरीकडचं पेट्रोल भरलं, गचके थांबले. गिऱ्हाइकं टिकली. माफी तेवढी राहिली. ती मागायचीय दत्ताजीशेठ कुंभोजकरांनी.