सोमवारचं उत्तर

एकदा एका शहरात रक्तदात्यांना निरोप धाडणारा एक सर्व्हर होता. त्याची देखभाल एका वृद्ध तंत्रज्ञाकडे होती. यादीत चाळीस हजार नावं. गरज पडली की एक मेल लिहायचा, तो सर्वांना पोचायचा. वृद्धाच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. ही यादी मुळात त्याच्या थोरल्या भावाने जमवलेली. आठ महिन्यांपूर्वी गावी जाताना घाटात भावाला अपघात झाला, तो गेला, आणि त्याच्या खुर्चीत धाकटा येऊन बसला. बसला म्हणायचं एवढंच. त्याला घटकाभरही बसवत नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून सर्व्हर तुंबला होता. मेमरी भरायची, यंत्र गुदमरायचं, शिष्य ते बंद करून पुन्हा सुरू करायचा. दोन तासांत पुन्हा तेच. महिन्याभरात त्याने दोनदा मेमरी वाढवली होती. तीही फस्त झाली होती.

दुपारी दोनला रुग्णालयातून फोन आला.

"ओ निगेटिव्ह हवंय, बाळंतीण आहे, चारच्या आत. अजून निरोप गेला नाही? तुमचं यंत्र जेवून वामकुक्षी घेतंय का?"

"आत्ता जातो, ताई!" म्हणत शिष्य मेमरीची आणखी एक पट्टी आणायला धावत सुटला.

तो परतला तेव्हा वृद्धाने सर्व्हर उघडला होता. आत एकच पट्टी ठेवून बाकी साऱ्या काढून त्याने टेबलावर ठेवल्या होत्या.

"नाना, डोकं फिरलंय का तुमचं? तिकडे बाईचा जीव चाललाय!"

"बस."

"बसू कसा?"

"मग उभा राहा. पण बघ."

यंत्र सुरू झालं. एरवी भरायला दोन तास घेणारी मेमरी दहा मिनिटांत काठोकाठ भरली, आणि ती कशाने भरतेय ते ओळीओळीने पडद्यावर दिसू लागलं. प्रत्येक ओळीत एकच पत्ता. भावाचा. प्रत्येक मेलमध्ये एकच मजकूर: 'गावी चाललोय. सोमवारी आलो की बोलू.'

गावी निघताना भावाने आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं. यादीवर परस्पर लिहायला मनाई, म्हणून सर्व्हर ते उत्तर अडवी आणि तसं भावाला कळवी. त्यावर पुन्हा तेच उत्तर येई. दोन यंत्रं माणसांवाचून अखंड बोलत होती. अडवलेल्या प्रत्येक उत्तरापाठी चाळीस हजार नावांची यादी मेमरीत उघडी राहत होती.

"अशा उत्तराला दिवसाला एकदाचीच मर्यादा असते," वृद्ध म्हणाला. "ती कोणी काढली?"

शिष्याने पट्टी मुठीत आवळली. "मी. महिन्यापूर्वी. एक पुरत नव्हतं, नाना. कधीही मेल टाकला की त्याचं उत्तर यायचं. तेवढंच."

वृद्धाने टेबलावरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"तू जागा वाढवत गेलास, म्हणून काय साठतंय ते दिसलं नाही. मी जागा कमी केली, तेव्हा ते डोळ्यांपुढे आलं. बाळा, दुःखाला जागा लागतेच, ती मी मागत नाही. पण इथे तुझा भाऊ नाही. त्याचा न उजाडलेला सोमवार आहे, आणि त्याच्यामागे चाळीस हजार माणसं खोळंबली आहेत. ती यादी त्यानेच जमवली होती ना?"

वृद्धाने कीबोर्ड शिष्यापुढे सरकवला. स्वतः हात लावला नाही.

फोन पुन्हा वाजू लागला. शिष्याने भावाचा मजकूर एकदा वाचला, मग ते उत्तर बंद केलं आणि अडकलेला ढीग पुसून टाकला. उरलेल्या एका पट्टीवर रुग्णालयाचा निरोप सुरळीत निघाला. काढलेल्या पट्ट्या टेबलावरच राहिल्या.

थोड्या वेळाने कुणा अनोळखी दात्याचा मेल आला: 'निघालो. वीस मिनिटांत पोचतो.'

शिष्याने तो दोनदा वाचला. रुग्णालयाला फोन केला. मग भावाची खुर्ची ओढून तो तिच्यात बसला.