थोरल्या वैद्याचं आसन

फार पूर्वी जंगलाच्या दवाखान्यात थोरल्या वैद्याचं आसन कासवीणबाईंना मिळालं आणि करकोच्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खोल रुतलेला काटा अलगद काढावा तर त्यानेच! आणि मान कुणाला? जिला काटा धड दिसतही नाही तिला!

रोज आसनाकडे बघून तो जळायचा. शेवटी एका सकाळी फणफणला, "बाई, इथे खरा हक्क माझा!"

"मग बसा की," कासवीण उठत म्हणाली. "हरिणीचं पाडस आत्ताच गेलं. ती दाराशी उभी आहे. थोरल्या वैद्यानेच जाऊन सांगायचं, ही आपली रीत."

करकोचा दाराशी गेला. हरिणीने विचारलं, "उतरला का हो ताप?"

त्याने मान वळवून पाहिलं.

मागून कासवीण येत होती. तिने लवकर यावं, असं त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.