चाळीसचे शून्य

या कथेची आणखी दोन रूपे सांगितली जातात. एकात यंत्र ऊस गाळते, दुसऱ्यात लाकूड चिरते. ताटे घडवणाऱ्या प्रेसचे प्रस्तुत रूप त्या दोहोंहून त्रोटक आहे. भय मात्र यातच अधिक आहे.

एकदा एका शिष्याने आपल्या वृद्ध गुरूंच्या कारखान्यातील प्रेससाठी नवा प्रोग्राम लिहिला. दट्ट्या कोठे थांबावा हे ठरवणारे फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, गुरूंनी तरुणपणी जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेले होते. शिष्याचा नव्या भाषेतला प्रोग्राम त्या फंक्शनला केवळ उंचीचा आकडा कळवी. शून्य कळवले की दट्ट्या तळाला टेकून ताट घडवी. चाळीस कळवले की त्याने तळापासून चाळीस मिलिमीटर वर थांबावे, म्हणजे साचा आणि दट्ट्याची खालची बाजू पुसणाऱ्या बाईंचा हात सुखरूप राहावा. त्या दिवशी दोनशे ताटे निर्दोष निघाली.

"दादा, मशीनची आरती झाली असेल तर पुसू का आता?" फडके झटकत बाई म्हणाल्या.

"पुसा की, मावशी," शिष्य म्हणाला.

गुरूंनी झटकन त्यांचे मनगट धरले. मग आपल्या चष्म्याची पत्र्याची डबी साच्यात ठेवली. "चाळीस कळव."

शिष्याने कळ दाबली. दट्ट्या थांबला नाही. डबी चेपून सपाट झाली. बाई दोन पावले मागे सरल्या.

"पण मी चाळीसच लिहिलं होतं, गुरुजी!"

"लिहिलंस, पण पूर्णांक म्हणून. माझं फंक्शन दशांश आकडा वाचतं. यंत्राच्या पोटात दोन्ही वेगळ्या तऱ्हेने मांडले जातात. तुझा चाळीस त्याने आपल्या रीतीने वाचला, तेव्हा त्याला जवळजवळ शून्य दिसलं. दोन्ही एकाच भाषेत असतं तर तिनेच तुला अडवलं असतं. दोन भाषांच्या वेशीवर कुणी अडवत नाही. काय पाठवतो आहेस, ते तुलाच जाहीर करावं लागतं."

"मग दिवसभर कसं चाललं?"

"दिवसभर तू शून्यच पाठवत होतास. ते दोन्हीकडे सारखंच मांडतात."

शिष्याने प्रोग्राममध्ये जाहीर केले की येथून जाणारा आकडा दशांश आहे. मग तीनदा चाळीस कळवले. तिन्ही वेळा गुरूंनी पट्टी लावून अंतर मोजले.

बाई तरीही जागच्या हलेनात.

तेव्हा शिष्याने त्यांच्या हातातले फडके घेतले, गुरूंना कळ दाबायला सांगितले आणि स्वतःचा हात साच्यावर ठेवला. दट्ट्या खाली आला आणि चाळीसवर थांबला.