अंगणाचा उतार

"समदं झालं. पर पानी कुठं जाईल?"

भैरूबुवांनी विचारलं आणि परशरामचा चेहरा खुलला. बुवांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून तर तो सकाळपासून त्यांच्या मागेपुढे करत होता.

"तुमच्या दारात न्हाई येनार, बुवा. येवढं नक्की."

"आनि?"

"आनि काय? तुमच्या दारात न्हाई येनार."

बुवा नव्या अंगणाकडे बघत राहिले...

घाटमाथ्यावरच्या त्या वाडीत बुवांची मठी डोंगराच्या उतरणीला टेकून होती. समाधीची लहानशी घुमटी, तिच्यापुढे अंगण, अंगणाच्या डाव्या हाताला बुवांचं खोपटं. उजव्या हाताला जमीन एकदम खाली उतरायची आणि तिथे, मठीच्या पायाशीच म्हणा ना, हौसाआक्काचं घर होतं. अंगण असं तिरपं, की भंडाऱ्याच्या पंगतीत एकाची आमटी दुसऱ्याच्या पत्रावळीत जायची.

भंडाऱ्याचा स्वयंपाकही उघड्यावरच. भातात पाला पडायचा, चुलीत वारा शिरायचा. म्हणून यंदा अंगणाच्या उजव्या अंगाला स्वयंपाकासाठी पत्र्याची शेड घालायची ठरली, आणि जागा सपाट करायचं काम परशरामने अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तो बुवांचा शिष्य. आणि मठीत येण्याआधी तालुक्याला एका गवंड्याच्या हाताखाली राहिलेला. तेव्हा बांधकामातलं आपल्याइतकं वाडीत कुणाला कळत नाही, असं त्याचं मत होतं. वाडीचंही तेच मत असावं, असा त्याचा समज होता.

मेहनत मात्र त्याने खरी केली. डोंगराकडची माती खणून डावीकडचा सखल भाग भरून काढला आणि उजवीकडे उतरणीवर भर टाकली. भर सरकू नये म्हणून कडेला दगडांची ताल रचली, छातीला लागेल एवढी उंच. मग रोज ओढ्यावरून पाणी आणायचं, भरीवर ओतायचं आणि धुम्मसाने चोपायचं. माती खाली बसली की पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. हातांना फोड आले. ते त्याने कुणाला दाखवले नाहीत, असं काही म्हणता येणार नाही.

आणि हे सगळं शेडसाठीच होतं असंही नाही. पूर्वी या अंगणाचं सारं पाणी डावीकडे वळायचं, थेट बुवांच्या उंबऱ्याला. खोपटामागे अख्खा कातळ, तिथे चर मारायची सोय नाही. पावसाळाभर पाणी बुवांच्या दारातून, कधी उंबऱ्यावरून आत शिरून, मग पलीकडे ओढ्यात उतरायचं. बुवा आपले आत पाय वर घेऊन बसलेले. वाडीत याची थट्टा चालायची. परशरामला ते बघवत नसे. त्याचा बुवांवर जीव होता, त्यात खोट नव्हती.

भर टाकताना एकदा तो मोठ्याने म्हणालाही होता, "ज्यानं कुनी ह्ये आंगन काढलं, त्याला उताराची अक्कल नव्हती बघा!"

मदतीला आलेली मंडळी हसली. बुवा तिथेच बसले होते, माळ ओढत.

"नव्हती खरी," ते म्हणाले होते.

आता सगळं पुरं झालं होतं. तिसऱ्या प्रहरी वाडीतली माणसं नारळ घेऊन येणार होती, शेडचा पहिला खांब रोवायला. त्याआधी बुवांनी एकदा सगळं नीट बघावं आणि तोंडाने 'बरं झालं' म्हणावं, एवढीच परशरामची इच्छा. इतक्या वर्षांत बुवांनी त्याच्या कुठल्याच कामाला 'बरं झालं' म्हटलं नव्हतं.

त्याने सपाटी मापायची पाणी भरलेली नळी आणली. एक टोक बुवांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून लांब जाऊन उभा राहिला. दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत.

"बघा! ताट ठेवलं तर ताटातलं पानी हलनार न्हाई."

"मंग साचंल की."

"साचंल कसं? उजव्या कोपऱ्याला बोटभर उतार दिलाय. तालीत भोकं ठेवल्यात."

बुवांनी नळी खाली ठेवली. घुमटीपुढचा पाण्याचा तांब्या उचलला आणि अंगणाच्या मधोमध ओतला.

दोघे बघत राहिले.

पाणी आधी पसरलं. डावीकडे, जुन्या सवयीने जावं तसं, थोडं सरकलं. तिथे वाट नव्हती. मग ते उजवीकडे वळलं, कोपऱ्याला गेलं आणि तालीतल्या भोकात शिरून दिसेनासं झालं.

"कुठं गेलं?"

"खाली."

"खाली... कुनाकडं?"

परशराम खाली वाकून नळी गुंडाळू लागला.

कारण त्याला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यातच हौसाआक्का पदराला हात पुसत वर आली होती. तिची लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ अजून महिन्याचंही नव्हतं. आणि बाळंतिणीची खोली नेमकी तालीच्या बाजूची.

"परशराम, कोपरा वला व्हाया लागलाय रं," आक्का म्हणाली होती. "जरा पानी कमी मार की."

तेव्हा परशराम धुम्मसाच्या भरात होता. मदतीची माणसं बघत होती. तो म्हणाला होता, "आक्का, देवाचं काम हाय ह्ये. देवाच्या कामात खोड काढू नगा."

आक्का तशीच खाली उतरून गेली होती. आणि परशरामने त्या दिवशी रोजच्यापेक्षा चार घागरी जास्तच ओतल्या होत्या. ही गोष्ट त्याने बुवांना सांगितली नव्हती. विसरला म्हणावं, तर विसरलाही नव्हता.

बुवा पायऱ्यांकडे चालू लागले.

"बुवा, ऊन लई हाय. सांजच्याला जाऊ."

"त्याच्याआदी लोक येत्यात."

"म्या जाऊन येतो की. तुमी कशाला..."

बुवा उतरू लागले होते. परशराम मागोमाग निघाला. पायऱ्या त्याच्याच हातच्या, नव्या कोऱ्या. त्यांच्यावरून उतरताना तो एकेका पायरीला रेंगाळत होता.

हौसाआक्का दारातच होती. बुवांना बघून ती लगबगीने उठली, घोंगडी अंथरायला धावली. बुवा बसले नाहीत. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

टप्...

बाळंतिणीची बाज भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली होती. कोपऱ्यात गोणपाट दाबून बसवलेलं. भिंतीचा खालचा अर्धा भाग काळा पडलेला, आणि एका दगडाच्या फटीतून पाणी सुटून परातीत पडत होतं. परात जवळजवळ भरली होती. शेगडीतला विस्तव बाजेखाली सरकवलेला होता, पण खोलीला ऊब म्हणून नव्हती. रेश्माने बाळाला पदरात गुंडाळून छातीशी घट्ट धरलं होतं.

टप्...

"कवापासनं ह्ये?" बुवांनी विचारलं.

परशरामने मान खाली घातली. आता आक्का बोलणार. आता सगळं बाहेर पडणार.

"काय न्हाई वो, बुवा," आक्का म्हणाली. "आमचं घरच जुनं. वल धरतंयच कुठं ना कुठं."

तिने परशरामकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने चारचौघांत शिव्या हासडल्या असत्या, तरी त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याला झाकलं, आणि ते झाकणं त्याला सोसवेना.

बाळ शिंकलं.

"आये, पर तू तर सांगत हुतीस," रेश्मा बाजेवरून म्हणाली, "माझ्या जन्मापासनं ह्या खोलीत थेंब आला न्हवता म्हनून."

"गप गं."

"तूच सांगितलंस. तू बाळंतीन हुतीस, भिंतीतनं धार लागली, तवा बुवांनी..."

"जुनं झालं त्ये," बुवा म्हणाले.

पण आक्काला राहवलं नाही. "जुनं कशानं हुईल? भर पावसाच्या राती एकट्यानं आंगन उकरलंसा तुमी. समदं पानी वढून सोताच्या दारात नेलंसा. वाडी हसली, खरं कुनाला ठावं न्हवतं. म्या लोकांस्नी सांगत हुते, तर मलाच गप केलंसा."

परशरामने भिंतीला हात टेकला. हाताला ओल लागली.

ज्याने कुणी हे अंगण काढलं...

नव्हती खरी.

ते दोन शब्द त्याच्या कानात आता पुन्हा, अगदी सावकाश, वाजले. त्या दिवशी मंडळींबरोबर तोही हसला होता. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण ती जमीन त्यानेच चोपून घट्ट केलेली.

बुवा खाली वाकले आणि त्यांनी परात उचलली.

"आवो, र्‍हाऊ द्या! म्या टाकते की," आक्का पुढे झाली.

"हौसा, ह्ये आमचं हाय."

"परात आमचीच हाय, बुवा..."

"परात तुजी. पानी आमचं. न्यायला आलोय."

आणि ते निघाले. म्हातारा माणूस, हातात काठोकाठ भरलेली परात, आणि समोर चढ. पायरीगणिक पाणी हिंदकळत होतं, धोतरावर सांडत होतं.

"द्या माज्याकडं, बुवा."

बुवा चालत राहिले.

"पाया पडतो तुमच्या, द्या."

बुवा पुढच्या पायरीवर गेले. परशराम मागून रिकाम्या हातांनी चढत होता. त्या हातांचं काय करावं हेच त्याला समजेना. ज्या फोडांचं त्याला कौतुक होतं, ते त्याने आता मुठी वळून लपवले.

अंगण ओलांडून बुवा खोपटाशी आले. परात तिरकी केली आणि सगळं पाणी आपल्याच उंबऱ्यावर ओतलं. गढूळ ओघळ आत गेला, अंथरलेल्या घोंगड्याच्या कडेला लागला. बुवांनी त्या ओघळाकडे असं पाहिलं, जणू कुणी ओळखीचं माणूस घरी परतलं होतं.

परशराम तिथेच खाली बसला.

"बुवा... आक्का मला सांगून गेली हुती."

बुवा ऐकत होते.

"कोपरा वला हाय म्हनून. म्या तिला देवाचं नाव सांगून गप केलं. आनि तुमास्नी बोललो न्हाई."

बुवा रागावतील, निदान एखादा शब्द बोलतील, म्हणून तो वाट बघत राहिला. बुवांनी परात धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

"दिऊन ये."

एवढंच.

पण हौसाआक्काच्या दारापर्यंत एकट्याने जाणं हे डोंगर फोडण्याहून अवघड काम निघालं. काय बोलायचं ते त्याने पायऱ्या उतरताना जुळवलं होतं. त्याने परात उंबऱ्यावर ठेवली आणि उंबऱ्यालाच डोकं टेकलं.

"उठ रं," आक्का म्हणाली. "आताच सारवलंय. शेन लागंल कपाळाला."

तो उठला. कपाळाला शेण लागलंच होतं. ते पुसायचं त्याला भान राहिलं नाही.

वर येऊन त्याने कुदळ घेतली. जे अंगण त्याने इतके दिवस चोपलं होतं, त्यात पहिला घाव घातला. माती चांगलीच बसली होती. कुदळ उडून परत आली. काम चोख झालं होतं, यात शंका नाही. त्याने दुसरा घाव घातला, मग तिसरा. घामात डोळ्यांतलं पाणी मिसळत गेलं, आणि आपण रडतोय हे त्याच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

तिसऱ्या प्रहरी मंडळी आली. नारळ, हार, हळदकुंकू. अंगण बघून सगळे जागच्या जागी थबकले.

"आरं, ह्ये काय? काल तर ताटासारखं केलं हुतंस न्हवं?"

परशराम कुदळीवर हात टेकून उभा राहिला. कपाळावर शेण, अंगभर माती. सांगायला हजार गोष्टी होत्या. भर कच्ची निघाली म्हणता आलं असतं. बुवांची इच्छा म्हणता आलं असतं, मग कुणी पुढे एक शब्द विचारला नसता.

"चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"उतार. समदं पानी म्या आक्काच्या घरात सोडलं हुतं. बाळंतिनीच्या खोलीत." त्याने कुदळ खाली ठेवली. "तिनं सांगितलं तरी सोडलं. आनि ज्यानं आदीचं आंगन काढलं, त्याला म्या तुमच्यादेखत बिनअकली म्हनलो. त्ये बुवा हुते."

कुणी हसलं नाही. नारळ आणणाऱ्याने नारळ हळूच घुमटीपुढे ठेवला.

"मंग शेडचं काय?"

"शेड हुईल. खांब उद्या रोवू. आदी ह्ये."

बोलून झाल्यावर तो खोपटाकडे वळला. बुवा दारात उभे होते. जमिनीवरचं भिजलेलं घोंगडं त्यांनी उचललं होतं आणि आत उंच खुंटीला टांगलं होतं. परशरामला त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मान खाली घालूनच त्याने विचारलं,

"बुवा... हिकडं, डावीकडं, उतार किती ठिऊ?"

बुवांनी ओल्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग परशरामच्या मातीने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"आपले पाय भिजतील येवढा."