शेवटच्या भागाखालचं फूल

“पण मग शेवटच्या भागाखाली फूल का येत नाही, माई?”

माईंनी शेंग सोलली. मटार परातीत पडले.

नीळकंठने लॅपटॉप त्यांच्यापुढे आणखी सरकवला. माईंच्या नदीकाठच्या या मठीत तो तरुणपणापासून येत असे. पण लेखक म्हणून नाव झाल्यापासून तो इथे यायचा तो बहुधा माईंना काहीतरी समजावून सांगायलाच.

“हे बघा. पुस्तकातल्या दोन भागांच्या मध्ये एखादं चिन्ह टाकता येतं. कुणी तारे टाकतं, कुणी रेघ. मी अबोलीचं फूल घेतलं. स्वतः काढलं. नुसत्या पाकळ्यांवर महिना घालवलाय.”

“सुरेख आहे.”

“बटण दाबलं की सगळे भाग जोडून पुस्तक तयार होतं. फुलं आपोआप येतात. एका शेवटच्या भागाखाली तेवढं येत नाही. सॉफ्टवेअरच सदोष आहे. कंपनीला चांगलं सुनावलंय मी.”

“काय आहे त्या भागात?”

नीळकंठने पडद्याकडे पाहिलं.

“शालन जाते.”

शालन त्याची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो भाग लिहून झाल्यावर त्याच्या हातून एकही ओळ उतरली नव्हती. प्रकाशक खोळंबले होते. तो त्यांना सांगे, पुस्तक तयार आहे, फुलाचं तेवढं अडलंय.

“मग हाताने काढ की तिथे एक.”

“काढलं. छापून पाहिलं...” तो थांबला. “लोंबकळतं नुसतं.”

माईंनी पुढची शेंग घेतली.

“फूल कुठे येतं म्हणालास?”

“दोन भागांच्या मध्ये.”

“हं.”

...

“पुस्तक तिथे संपतं, माई!” नीळकंठचा आवाज चढला. “तिच्यानंतर काही नाहीये त्यात.”

“आज सकाळी काय केलंस?”

“मी?... दूधवाल्याशी भांडलो.”

“का बरं?”

“एकट्याला अर्धा लिटर पुरतं. किती वेळा सांगितलंय! आज पुन्हा लिटरभर ठेवून गेला.”

“आणि?”

“उरलेल्याचं दही लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. नासलं.”

“कढत दुधात विरजण घातलंस?”

“घालायचं नसतं?”

माई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

“शहाण्या! एवढी पुस्तकं लिहिलीस ना रे?”

नीळकंठलाही हसू फुटलं. स्वतःचा तो आवाज त्याला अनोळखी वाटला.

माईंनी परात बाजूला केली, लॅपटॉप उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“लिही.”

“काय?”

“दह्याचं.”

“माई, शालनच्या जाण्यानंतर... दही?”

माईंनी पुन्हा परात ओढली. आता त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं. मग त्याने एक नवा भाग उघडला आणि एकच ओळ लिहिली: ‘आज मी दही लावलं, ते नासलं.’

बटण दाबलं. पानं सरकवत शेवटाशी आला.

शालनच्या भागाखाली फूल होतं. मधोमध. नीटस.

त्याने बोट पुढे केलं, पण पडद्याला लावलं नाही. डोळे पुसले. चष्मा पुसला. मग पान आणखी थोडं खाली सरकवलं.

“माई...”

“काय रे?”

“आता या दह्याच्या ओळीखाली फूल नाही.”

माईंनी एक दाणा तोंडात टाकला.

“उद्याही लिटरभरच घे दूध.”